घरात शिरलेला बाजार

आमच्या समाजात अलीकडे एक समज दृढ होत चालला आहे. मोबाइल घरोघरी आला; त्यामुळे कागद वाचला, बसच्या फेऱ्या वाचल्या, बिले आणि पावत्या छापण्याचे कारण उरले नाही; सारांश, या साधनाने निसर्गावरचा भार हलका केला, असा तो समज आहे. समाजाच्या सभांतून हे विधान इतक्या सहजपणे केले जाते की, त्यावर शंका घेणारा माणूस जुन्या वळणाचा ठरतो. आम्ही पेशाने शिक्षक आहोत. फळ्यावर एखादे विधान लिहिले की त्याखाली 'हे कशावरून?' असा प्रश्न लिहावा, असे आम्हांला अध्यापनाच्या प्रशिक्षणातच शिकविण्यात आले होते. तोच प्रश्न या विधानाखाली लिहून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम साधनाचे जे श्रेय आहे ते त्याला दिले पाहिजे. १९५० आणि १९६० च्या दशकांत भारतातून आलेल्या आपल्या पुष्कळ बांधवांना दिमोना, येरुखाम, बैर शेवा, किर्यात गात, अश्दोद, लोद, रामले अशा गावी घरे मिळाली. त्यांपैकी नेगेवमधील लहान गावांत राहणाऱ्या माणसाला अनेक सरकारी कामांसाठी बैर शेवा गाठावे लागे. एखादा कागद राहिला की दुसरी फेरी, सही राहिली की तिसरी. आज कुपात खोलीमची औषधांची चिठ्ठी, बितुआख लेउमीचा अर्ज, पाण्याचे आणि विजेचे बिल ही सारी कामे स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून उरकतात. ज्या आजीबाईंचे गुडघे दुखतात त्यांना ही सोय म्हणजे चैन नव्हे. बँकांच्या शाखा कमी होत असताना, ज्याला हे साधन वापरता येत नाही तो आपल्याच पैशासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, हेही आम्ही समाजात रोज पाहतो. म्हणून 'फोन फेकून द्या' असे सांगणाऱ्यांपैकी आम्ही नाही.

वापरलेल्या वस्तूंची देवघेवही या साधनाने सोपी केली. 'याद श्तायिम'वर जुनी कपाटे व शिलाईयंत्रे विकली जातात, 'अगोरा'वर लोक नको असलेल्या वस्तू फुकट देऊन टाकतात. एका घरातील पाळणा दुसऱ्या घरात जातो आणि एक पाळणा नव्याने तयार होण्याचे टळते. ही बचत खरी आहे. ती जमेच्या बाजूला मांडलीच पाहिजे.

काही मंडळी मात्र दुसऱ्या टोकाला जातात. फोनवर चित्रपट पाहिला की जणू मोठे पातक घडले, असे ते सांगतात. तासभर चित्रपट पाहिल्याने मोटारीने कित्येक मैल प्रवास केल्याइतका धूर होतो, अशा प्रकारचे आकडे २०१९ च्या सुमारास वर्तमानपत्रांतून झळकले होते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२० मध्ये हा हिशेब तपासून पाहिला, तेव्हा तासाला सुमारे ३६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड इतका तो भरला. एक लिटर पेट्रोल जळाले की दोन किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे लक्षात घेता मोटार दोन-तीनशे मीटर गेली तरी तेवढा वायू सुटतो. तेव्हा शुक्रवारी दुपारी एखादे जुने मराठी नाटक फोनवर पाहणाऱ्या गृहिणीने मनाला लावून घेण्याचे कारण नाही. यंत्रांची वीज मुळीच क्षुल्लक आहे, असे आमचे म्हणणे नाही. जगातील संगणकांच्या गोदामांनी, ज्यांना डेटा सेंटर म्हणतात त्यांनी, २०२४ साली सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज खाल्ली. जगाच्या एकूण विजेपैकी हा भाग दीड टक्क्याच्या आसपास येतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वाढत्या वापरामुळे २०३० पर्यंत हा आकडा दुपटीच्या पलीकडे जाईल, असा त्याच संस्थेचा अंदाज आहे. हा प्रश्न सरकारांचा आणि बड्या कंपन्यांचा आहे, आणि त्यांना तो विचारलाच पाहिजे. परंतु आमच्या घरापुरता विचार केला, तर फोनची काच उजळण्यास जी वीज लागते ती किरकोळ आहे. त्या काचेत जे दिसते आणि दिसल्यावर आपण जे करतो, हिशेब त्याचा मांडावयास हवा.

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली 'द कोल क्वेश्चन' हे पुस्तक प्रसिद्ध केले. वाफेची यंत्रे सुधारली आणि तेवढ्याच कामाला कमी कोळसा पुरू लागला, तरी देशातील कोळशाचा एकूण खप घटला नाही. उलट वाढत गेला, हे त्याने त्यात दाखविले. आपण शनवार तेल्यांचे वंशज आहोत. आपल्याला हे समजण्यासाठी इंग्लंडपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. घाण्यातून तेल सुलभपणे आणि स्वस्त निघू लागले म्हणून कोणत्या घरात तेल कमी लागू लागले? तेल स्वस्त झाले की भजी अधिक तळली जातात. जी वस्तू मिळविण्याचे कष्ट कमी होतात तिचा वापर वाढतो. खरेदीचे कष्ट ज्या साधनाने जवळजवळ शून्यावर आणले, त्याने खरेदी वाढविली नसती तरच नवल.

पूर्वी खरेदीला किती अडसर होते ते आठवून पाहावे. बाजाराचा दिवस ठरलेला असे. ऊन असे. बसचे भाडे असे. दुकानदार ओळखीचा असल्याने "ताई, गेल्या महिन्यात नेलेली कढई काय झाली?" असे तो विचारी, आणि त्या एका प्रश्नाने कित्येक कढया वाचत. पिशवी हाताला जड झाली की खरेदी संपे. शिवाय रोख पैसा मोजून द्यावा लागे. आता पिशवीला वजन नाही आणि पैशाला स्पर्श नाही. वस्तूची किंमत सहा किंवा बारा हप्त्यांत वाटली जाते, त्यामुळे ती लहान भासते. असे पंधरा हप्ते एकाच महिन्यात जमले की मग बँकेचे खाते उणे दाखवू लागते. रात्री झोप न आलेला माणूस पूर्वी उठून पाणी पीत असे. आता तो चीनमधून दिव्यांची माळ मागवितो.

आम्ही आमच्या वर्गातील मुलांकडून एक वही लिहून घेतली. हा प्रयोग शास्त्रीय नव्हे, निव्वळ शालेय आहे, हे आधीच सांगून ठेवतो. चार आठवडे घरी जे जे पार्सल येईल त्याची नोंद करावयाची, रकाने चार. वस्तू कोणती, कोणासाठी, तिच्याबरोबर आवरण काय काय आले, आणि चौथा रकाना असा: ही वस्तू फोनवर दिसण्यापूर्वी तिची गरज घरात कोणी बोलून दाखविली होती काय? पहिले तीन रकाने मुलांनी भराभर भरले. आवरणांची तर त्यांनी चित्रेही काढली. बोटभर वस्तूसाठी वीतभर खोके, खोक्यात हवेच्या पिशव्या, त्यात पुन्हा प्लास्टिकची थैली. चौथ्या रकान्यापाशी मात्र गाडी अडली. काहींनी तेथे प्रश्नचिन्ह काढले, काहींनी आईला विचारून 'नाही' असे लिहिले. एका मुलीने उभे राहून विचारले, "वस्तू पाहिल्यानंतर गरज वाटली, तर ती गरज नव्हे काय?" हा प्रश्न आम्ही वर्गाकडेच सोपविला आणि तास संपेपर्यंत मुले भांडत होती. एका पालकाने मागाहून निरोप पाठविला की, घरचा हिशेब शाळेत काढण्याचे कारण नाही. त्यांचा आक्षेप आम्ही समजू शकतो. तथापि त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनाही द्यावे लागेल, कारण ते ज्या दुकानातून खरेदी करतात त्या दुकानाचा संपूर्ण धंदा त्या प्रश्नावरच उभा आहे.

हा धंदा कसा चालतो ते थोडक्यात पाहू. तुम्ही कशावर किती क्षण थांबलात, काय मोठे करून पाहिले, काय टोपलीत टाकून सोडून दिले, हे सारे यंत्र टिपून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा समोर धरते. 'फक्त दोन नग शिल्लक', 'सवलत आणखी अकरा मिनिटे', ही वाक्ये आपल्या ओळखीची आहेत. मोंढ्यातील आरडाओरडा करणारा विक्रेता निदान संध्याकाळी घरी जात असे. चीनमधील अलीबाबा कंपनीने २००९ साली ११ नोव्हेंबर हा दिवस खरेदीचा उत्सव म्हणून सुरू केला. आज त्या दिवसाचे नाव आपल्या मुलांना तोंडपाठ आहे. तू बिश्वात केव्हा येते ते विचारले तर कित्येक जण पंचांग पाहतील.

आपल्या देशात या सवयीला आणखी एक खतपाणी मिळाले. परदेशातून मागविलेल्या मालाची किंमत ७५ डॉलरच्या आत असेल तर त्यावर मूल्यवर्धित कर नाही, अशी सवलत अनेक वर्षे चालत आली, आणि ती मर्यादा वाढवावी काय यावर पुढे बराच वादही झाला. सवलतीचा परिणाम असा झाला की, एका मोठ्या पार्सलऐवजी चार लहान पार्सले मागविण्याची चतुराई लोक शिकले. यांतील पुष्कळ पार्सले विमानाने येतात. तेवढेच वजन तेवढ्याच अंतरावर जहाजाने नेण्यापेक्षा विमानाने नेताना हवेत सुटणारा कार्बन चाळीस-पन्नास पटींनी अधिक असतो. पोस्टाचे काम इतके वाढले की, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानांतून पार्सले वाटण्याची व्यवस्था करावी लागली. त्या दुकानात डाळ-तांदळाच्या पोत्यांपेक्षा निनावी करड्या पिशव्यांचा ढीग उंच झालेला आम्ही पाहिला आहे.

येथे एक गोष्ट न सांगणे अन्याय होईल. या देशात जगणे महाग आहे. २०११ च्या उन्हाळ्यात तेल अवीवच्या रोथशील्ड मार्गावर तंबू उभे राहिले ते याच कारणाने, आणि त्यानंतरच्या वर्षांत सामान्य कुटुंबाला फारसा उतार पडला असे कोणी म्हणणार नाही. तीन मुलांचे बूट येथील दुकानात घेणे ज्या आईला झेपत नाही, तिने ते निम्म्या किमतीत बाहेरून मागविले, तर तिला निसर्गाचे धडे देण्याचा अधिकार आम्हांला नाही. बूट मुलांना लागणारच होते. त्यामुळे वस्तू कोठून आणली यापेक्षा चौथ्या रकान्यातील प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. आणि खरे सांगावयाचे तर, आमच्या पाहण्यात अधिक पार्सले त्या आईच्या घरी येत नाहीत. ज्यांची घरे आधीच भरलेली आहेत त्यांच्याकडे ती येतात. तरुण पिढीलाच दोष देण्याची आमच्या वयाच्या मंडळींची रीतही तितकीशी न्याय्य नाही. नातवंडांसाठी दर आठवड्याला काहीतरी चमकणारे मागविणारे आजोबा समाजात थोडे नाहीत.

आलेले सामान शेवटी जाते कोठे? इस्राएलमधील नागरी कचऱ्यापैकी सुमारे ८० टक्के कचरा आजही जमिनीत पुरला जातो. खोक्यांचा पुठ्ठा वेगळा गोळा होतो; आवरणांविषयीचा कायदा २०११ मध्ये झाला, त्यानंतर कित्येक गावी नारिंगी पेट्याही आल्या. तरी पातळ प्लास्टिक, थर्माकोल आणि महिनाभरात मोडलेली खेळणी यांचा शेवट बहुधा मातीखालीच होतो. गुश दानचा कचरा पूर्वी हिरियाच्या डोंगरावर साचत असे. १९९८ मध्ये तो डोंगर बंद झाला आणि आज तेथे अरिएल शारोन यांच्या नावाचे उद्यान आहे. उद्यान सुंदर आहे. शाळेच्या सहली तेथे जातात. पण डोंगर बंद झाला म्हणून कचरा बंद झाला नाही. तो दक्षिणेचा रस्ता धरतो. बैर शेवाजवळचे दुदाइम आणि मिशोर रोतेम येथील एफे ही देशातील मोठी पुरण्याची ठिकाणे नेगेवमध्ये आहेत. मिशोर रोतेम दिमोनापासून किती लांब आहे, हे दिमोनावासी वाचकांना आम्ही सांगावयास नको. ज्या काळी इतर कोणी जाण्यास तयार नव्हते त्या काळी आपली माणसे त्या वाळवंटात ट्रकमधून उतरविली गेली, त्यांनी तेथे गाव वसविले. आणि मध्य इस्राएलच्या बाजाराचे उष्टे आता त्यांच्या शेजारी पुरले जाते. याविषयी आपल्या समाजाच्या संस्थांनी कधी ठराव केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. क्रिकेटच्या मैदानाविषयी मात्र आम्ही जोरदार ठराव ऐकले आहेत, आणि तेही योग्यच होते.

खुद्द साधनांचा कचरा हे आणखी वेगळे प्रकरण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत-उपकरणांचा कचरा निर्माण झाला, आणि त्यातील फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद आहे. फोनचा जो काही दोष हवेला लागतो त्याचा बहुतांश भाग तो कारखान्यात बनतानाच लागून चुकलेला असतो. खाणीतून धातू काढणे, तो शुद्ध करणे, सूक्ष्म चकत्या घडविणे या कामांत. म्हणून फोन दोन वर्षांऐवजी पाच वर्षे वापरणे याइतका सोपा आणि परिणामकारक उपाय दुसरा नाही. परंतु पाच वर्षे वापरू दिला जाईल तर ना! १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपला आणि उत्तम चालणारे असंख्य संगणक एका तारखेने म्हातारे झाले. नवी प्रणाली त्यांच्यावर चढत नाही, एवढाच त्यांचा अपराध. आमच्या आजीच्या पितळी समईला अशी कोणती तारीख घातलेली नव्हती.

या देशात विद्युत-उपकरणांविषयीचा कायदा २०१२ मध्ये झाला आहे. नवे उपकरण विकत घेताना त्याच प्रकारचे जुने उपकरण विक्रेत्याने परत घेतले पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. किती ग्राहक हा हक्क मागतात? फोन तर परत देण्याऐवजी खणात जातात. दर घरी असा एक खण आहे. त्यात चार मृत फोन, सात तारा आणि कशाचा तरी एक अडॅप्टर असतो. पेसाहपूर्वी घराचा कोपरा न् कोपरा झाडणाऱ्या आपल्या गृहिणी हा खण तेवढा वगळतात, कारण त्यात खामेत्स नसते.

आपल्या धर्मात या विषयावर काही नाही, असे मानणाऱ्यांसाठी दोन शब्द. वेढा घातलेल्या शहराची फळझाडे तोडू नयेत ही आज्ञा दवारिमच्या विसाव्या अध्यायात आहे. मोशे बेन मैमोन, म्हणजे रांबाम, यांनी राजांविषयीच्या नियमांत तिचा विस्तार स्पष्ट केला आहे: भांडी फोडणे, वस्त्रे फाडणे, अन्नाची नासाडी करणे हेही त्या निषेधात येते. यालाच बाल ताशखीत म्हणतात. परंतु आम्हांला त्याहूनही जवळचा वाटतो तो तलमुदातील शब्बाथ या खंडामधील एक लहानसा उल्लेख. दिव्यातील तेल आवश्यकतेपेक्षा अधिक वेगाने जळेल अशा रीतीने जो दिवा ठेवतो, तोही या निषेधाचा भंग करतो, असे तेथे सांगितले आहे. विचार करावा: दिवा लावूच नये असे कोणी म्हटलेले नाही. प्रकाश तेवढाच मिळत असताना तेल अधिक जळू नये, एवढाच आग्रह आहे. कोकणात जे तेल गाळून जगले त्या आपल्या पूर्वजांना हा नियम शिकविण्यास कोणी तलमुद घेऊन आले नव्हते; तेलाचा थेंब काय कष्टाने निघतो हे त्यांना ठाऊक होते. आजच्या वस्तूंच्या मागचे कष्ट आपल्याला दिसत नाहीत, म्हणून त्या स्वस्त वाटतात.

मान्ना गोळा करण्याची कथा मुलांना फार आवडते. ज्याने अधिक गोळा केले त्याला अधिक उरले नाही, आणि सकाळपर्यंत साठवून ठेवलेल्याला किडे पडले. वर्गात ही कथा सांगताना एक मुलगा म्हणाला, "तेव्हा फ्रीज नव्हता." मुलाचे म्हणणे खोटे नाही. फ्रीज आला, मोठा फ्रीज आला, आणि घरपोच किराण्याच्या सोयीमुळे तो नेहमी भरलेला राहू लागला. आत काय आहे ते पाहिल्याशिवाय वर मागविले जाते. किडे पडत नाहीत हे खरे, परंतु कोथिंबीर मात्र पिवळी होऊनच बाहेर येते.

ठाणे-मुंबईस असलेल्या आपल्या नातलगांची स्थिती याहून वेगळी नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट इतके स्वस्त झाले की, भाजीवालीच्या हातीही फोन आला. ही लोकशाहीच म्हणावयाची. पण आता तेथे दहा मिनिटांत कोथिंबिरीची एक जुडी दुचाकीवरून घरी येते. ज्या मुंबईत रद्दीवाला वर्तमानपत्रे तोलून नेई, भंगारवाला हाळी देत फिरे आणि बोहारीण जुन्या लुगड्यांच्या बदल्यात स्टीलचा डबा देई, त्या मुंबईला पुनर्वापर हा शब्द परदेशातून शिकावा लागला नव्हता. येथे आल्यावर आपल्या लोकांना 'आल्ते झाखेन' अशी हाळी देत फिरणारी गाडी पाहून घरच्यासारखे वाटले ते उगाच नाही. ती गाडी अजून फिरते. मात्र पूर्वी ती जुने नेत असे. आता ती जे नेते त्यातील पुष्कळसे नवेच असते.

सुधारणेचे उपाय सांगण्याचा मोह शिक्षकाला आवरत नाही. एक उपाय आमच्या काही परिचितांच्या घरी चालू आहे. फोनवरील टोपलीत वस्तू टाकावी, परंतु पैसे भरण्यापूर्वी मध्ये एक शब्बाथ जाऊ द्यावा. शब्बाथच्या दिवशी बाजार बंद असतोच. मन त्या वस्तूवरून हटले तर मोत्साए शब्बाथला ती टोपलीतून काढून टाकण्यास कष्ट पडत नाहीत, आणि हटले नाही तर खुशाल घ्यावी. 'फक्त दोन नग शिल्लक' ही धमकी एका शब्बाथपुढे टिकत नाही असा त्यांचा अनुभव आहे. पुढच्या आठवड्यातही दोनच नग शिल्लक असतात. थांबल्याने काय होते याचा पुरावा या देशाला दर वर्षी मिळतो. योम किप्पुरला, ज्याला आपले वाडवडील दारफळणीचा सण म्हणत, रस्ते रिकामे होतात आणि गुश दानच्या हवेतील नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण एकाच दिवसात झपाट्याने खाली येते. सरकारची यंत्रेच ते मोजतात.

दुसरी गोष्ट समाजाच्या कार्यक्रमांची. एक वेळ वापरून टाकण्याच्या प्लास्टिकच्या ताटवाट्यांवर सरकारने नोव्हेंबर २०२१ पासून कर बसविला होता. २०२३ च्या आरंभी नव्या सरकारने तो काढून टाकला. कर होता तेव्हा आपल्या सभागृहांत जरा विचार होत असे. आता फोनवरून पाचशे ताटांचा गठ्ठा मागविणे हा कार्यवाहांचा सर्वांत सोपा उद्योग झाला आहे. मलिद्याच्या दिवशी एलियाहू हनाबीचे नाव घेऊन भिजविलेले पोहे, खोबरे आणि फळे आपण भक्तिभावाने वाटतो, आणि तासाभराने त्याच सभागृहाच्या मागे प्लास्टिकच्या सात-आठ काळ्या पिशव्या उभ्या असतात. कोकणात लग्नाला पत्रावळी असत, आणि मोठी पातेली एका घरातून दुसऱ्या घरी जात. ज्याच्याकडे कार्य असेल त्याने ती न्यावी, घासून परत करावी, हा शिरस्ता होता. आमची सूचना अशी की, प्रत्येक गावच्या सिनेगॉगने दीडशे-दोनशे स्टीलची ताटे आणि वाट्या घेऊन ठेवाव्यात. मलिद्यात मांस नाही आणि दूधही नाही, त्यामुळे काश्रुतचा घोळही पडत नाही. ती ताटे फक्त मलिद्यासाठी राखून ठेवावीत म्हणजे झाले. कोणाकडे काय आहे, कोणत्या तारखेला कोणाला हवे आहे, याची यादी फोनवरच ठेवावी. या कामासाठी त्याच्याइतके चांगले साधन नाही.

ताटे घासणार कोण, हा प्रश्न गेल्या सभेत लगेच निघाला, आणि सर्व पुरुष मंडळींनी एकदम भगिनी मंडळाकडे पाहिले. त्याला आमचा स्पष्ट विरोध आहे. ज्याच्या घरचा मलिदा, त्याच्या घरच्या पुरुषांनी भांडी घासावीत. पातेल्यांची सोय आमच्याकडून होऊ शकेल. पनवेलहून आणलेली दोन मोठी तांब्याची पातेली आमच्या माळ्यावर आहेत. त्यांची कल्हई गेलेली आहे. या देशात कोणी कल्हई करून देणारा वाचकांच्या माहितीत असल्यास त्यांनी संपादकांकडे कळवावे.